कागदाला भोकं पाडणारे हिराजीनाना

पनवेलच्या बाजारात माझं चष्म्याचं दुकान आहे. दुकानात लोक येतात ते लांबचं दिसत नाही म्हणून, नाहीतर जवळचं दिसत नाही म्हणून. 'लांबचं चांगलं दिसतंय, ते जरा बंद करा' अशी तक्रार घेऊन आलेला माणूस मी आजवर एकच पाहिला, हिराजीनाना घरत.

पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, पायात रबरी चपला आणि वय साठीच्या पुढे. स्टुलावर बसले आणि त्यांनी खिशातून एक सुतळी काढली. तिला दोन गाठी होत्या. एक गाठ त्यांनी स्वतःच्या भुवईला लावली, हात सरळ लांब केला आणि दुसरी गाठ मुठीच्या पुढे ताणून धरली.

"इथलं," ते म्हणाले, "या गाठीवरचं मना सुईवानी साफ दिसलं पायजे. त्याच्या पल्याडचं धुक्यात ऱ्हाऊ दे."

"पण नाना, त्या गाठीवर आहे काय?"

"माशी."

मी इकडेतिकडे पाहिलं. दुकानात माश्या होत्या, पण त्या बघायला कोणी चष्मा करत नाही. मग खुलासा झाला. पिस्तुलाच्या नळीच्या टोकावर जो इवलासा उंचवटा असतो त्याला माशी म्हणतात. नेम धरताना डोळ्याने निशाण बघायचं नसतं, माशी बघायची असते. निशाण स्पष्ट दिसलं की मन तिकडे धावतं आणि हात मागे राहतो. हे त्यांनी मला अर्धा तास समजावलं. बाहेर दोन गिऱ्हाइकं आली आणि निघून गेली. नाना म्हणाले, "घाई नाय."

'घाई नाय' हा त्यांचा मंत्र होता. तो चष्मा जमायला पाच खेपा झाल्या. दर वेळी ते सुतळी ताणून बघायचे आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं की नाराज व्हायचे. पाचव्या खेपेला त्यांना कॅलेंडरावरची तारीख दिसेना, तेव्हा ते खूश होऊन मला चहा पाजायला घेऊन गेले.

नाना नेऱ्याकडच्या एका गावचे. जमिनीला भाव आले तसे त्या गावात काळ्या काचांच्या गाड्या आल्या, गळ्यात साखळ्या आल्या आणि चारपाच जणांच्या कमरेला परवान्याची रिव्हॉल्व्हरं आली. मोठमोठी, हळदीला डीजेपुढे शर्ट वर करून दाखवायची. नानांनाही नातेवाइकांनी आग्रह केला. नानांनी परवाना काढला तो मात्र रायफल क्लबात जाऊन, परीक्षा देऊन, पॉइंट टू-टूच्या, बावीस बोअरच्या पिस्तुलाचा. म्हणजे त्यांच्या पुतण्याच्या भाषेत, कावळाही मरायचा नाही असल्या हत्याराचा.

आणि नवं नव्हे, जुनं हवं होतं. "नव्याला सवयी नसतात," नाना सांगायचे. दीड वर्ष ते पिस्तुलं बघत हिंडले. ठाण्यात एक इटालियन पाहिलं. "देखणी होती, पन पुढं जड. मान टाकत होती." नाशकात दुसरं पाहिलं. "गोली गिलताना अरकायची. पाच मारल्या तं दोनदा अरकली. आजारी मानूस कोन घरी आनील?" तिसऱ्याची मूठ आधीच्या मालकाने स्वतःच्या पंजाच्या मापाने तासली होती. नानांनी ते हातात घेतलं आणि लगेच खाली ठेवलं. म्हणाले, "दुसऱ्याच्या चपलांत पाय घातल्यासारकं वाटलं."

चौथं पुण्यात मिळालं. जर्मन बनावटीचं, माझ्याहून वयाने मोठं, अक्रोडाच्या लाकडाची मूठ. मालक एक म्हातारे निवृत्त कर्नल. त्यांनी आधी पिस्तूल दाखवलंच नाही. नानांच्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला दिला आणि हात लांब करून धरायला सांगितलं. मग विचारलं, "कशासाठी हवंय?"

"कागदाला भोकं पाराला," नाना म्हणाले.

कर्नलसाहेबांनी पेला परत घेतला आणि आतून पेटी आणली.

या पिस्तुलाचं काडतूस म्हणजे चिमुकला प्रकार. नाना एक रिकामं काडतूस खिशात ठेवून असत, कोणालाही दाखवायला. "मोठ्या काडतुसाला मधोमध ठोका बसतो. याला कडेला, हितं बग, काठावर. म्हनून याचा आवाज बारीक, धक्का नाय, बढाई नाय." कधीकधी काठावरची दारू नीट पसरलेली नसते, मग काडतूस फुसकं निघतं. त्यावरही ते रागवत नसत. "त्याचा आज मूड नाय," म्हणायचे आणि ते वेगळ्या डबीत ठेवायचे.

घरी सराव करताना पिस्तूल कपाटातच राहायचं. ओटीवर उभं राहून नाना हात लांब करून कपड्यांची इस्त्री धरायचे, एका वेळी एक मिनिट. गावात नवीन आलेला पोस्टमन एकदा फाटकातून आत आला, तर समोर एक म्हातारा एक डोळा मिटून त्याच्यावर इस्त्री रोखून उभा. पुढचे पंधरा दिवस घरतांची पत्रं शेजाऱ्यांकडे पडत होती.

पुतण्याच्या हळदीला पोरांनी गळ घातली, नाना, एक गोळी हवेत होऊन जाऊ दे. नानांनी मान वर करून शांतपणे आभाळ पाहिलं. "वर टारगेट कनचा लावलाय?" त्यांनी विचारलं. "आनि खाली कुनाच्या डोक्यात परल, त्याचे मार्क कोन देनार?" डीजे चालू होता, पण पोरं जेवायला निघून गेली.

निवडणूक आली की परवान्याची हत्यारं पोलीस चौकीत जमा करावी लागतात. इतर लोक रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवून पावती घेऊन निघून जातात. नाना पिस्तूल जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून नेत. सोबत एका कागदावर सूचना असत: जमिनीला ठेवू नये, भिंतीला ओल आहे तिकडे ठेवू नये, खाली पोतं घालावं. हवालदार एकदा म्हणाला, "नाना, दूध किती वाजता द्यायचं तेही लिहा." नानांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं आणि आठवड्याने खुशाली विचारायला पुन्हा चौकीत गेले.

या सगळ्यात त्यांना एकच साथीदार होता, त्यांची बायको. यमुनानानी.

क्लबची रेंज डोंगराच्या पायथ्याशी होती. दर रविवारी सकाळी स्कूटरवर पुढे नाना, मागे नानी आणि नानींच्या मांडीवर तिपाईची दुर्बीण. पंचवीस मीटरवरच्या कागदात बावीस बोअरचं भोक साध्या डोळ्यांना दिसत नाही. नाना गोळी मारायचे, मग नानी दुर्बिणीला डोळा लावून सांगायच्या, "सात. खालच्या अंगाला." नानी शाळेत कधी गेल्या नव्हत्या. आकडे त्या याच कागदावर शिकल्या, बाहेरच्या वर्तुळातल्या एकापासून आतल्या दहापर्यंत. त्यामुळे त्यांना अकरा फारसा पटत नसे.

नानांच्या डायरीत दर रविवारचे आकडे असत, नानींनी सांगितलेले. ज्येष्ठांच्या स्पर्धेत नाना दोनदा राज्यापर्यंत जाऊन आले होते. मग एका वर्षी अचानक त्यांनी स्पर्धेला जाणं सोडलं. विचारलं तर म्हणाले, गुडघा दुखतो. उभं राहून इस्त्री धरताना मात्र तो दुखत नसे.

त्याच सुमारास एका दुपारी नानी एकट्या दुकानात आल्या. मला वाटलं, नानांचा चष्मा फुटला. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "माजे डोले बग रं."

मी उजव्या डोळ्यावर हात ठेवायला सांगितला आणि मोठी अक्षरं दाखवली. मग आकडे दाखवले, कारण आकडे त्यांना येत होते. मग नुसती बोटं दाखवली. मी त्याच दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. काचबिंदू होता, बराच पुढे गेलेला. डॉक्टरांनी थेंब दिले आणि स्पष्ट सांगितलं, आहे ते टिकवू, गेलेलं परत येणार नाही. उरलं होतं ते घरात वावरण्यापुरतं.

परत येताना रिक्षात नानींनी माझा दंड धरला. "थेंब मी टाकीन, डोकं दुकतं म्हनून टाकते सांगीन. पन ह्यांना नको सांगूस."

"असं कसं, नानी?"

"अरं, मना दिसत नाय कललं तं हे रेंजला जायाचं सोरतील. मना एकटीला घरी ठेवून जायाचे नाय. त्यांचा रविवार जाईल."

"पण मग तुम्ही आकडे कसे सांगता?"

"इतकी वर्सं त्यांचा हात बगितलाय," नानी म्हणाल्या. "खांद्यावरनं कलतं. कदी चुकत असंल."

मी नाही सांगणार असं कबूल केलं. दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या घरात पडू नये असं मी स्वतःला समजावलं, पण मनात ते सलत राहिलं. शेवटी एका रविवारी मीच म्हटलं, नाना, मला तुमची रेंज बघायचीय. ते इतके खूश झाले की सकाळी साडेसहाला मला न्यायला दारात उभे.

नानी घडीच्या खुर्चीवर बसल्या, कानांत कापूस घातला, दुर्बीण पुढे ओढली. नाना उभे राहिले, हात लांब केला. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग एक छोटासा टच असा आवाज झाला.

नानी दुर्बिणीवर वाकल्या. "नऊ. वरच्या अंगाला."

"बरोबर," नाना म्हणाले आणि डायरीत लिहिलं.

मग दहा. मग नऊ, आठ आणि पुन्हा दहा. पाच गोळ्या झाल्या, पिस्तूल उघडून रिकामं करून ठेवलं आणि नाना कागद बदलायला निघाले. नवा कागद धरायच्या निमित्ताने मीही मागे गेलो.

कागदावर भोकं चार होती. दोन सातांत, एक सहात, एक पार काळ्या गोलाबाहेर. पाचवी गोळी कागदाला लागलीच नव्हती. नानांनी कागद काढला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या आत सरकवला.

"नाना," मी म्हटलं. 

"माईत हाय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"दिवालीच्या आदीपासून. एक काडतूस फुसकं निगालं. माजी गोली सुटलीच नाय. त्याच टायमाला बाजूच्या मानसाने मारली, तिला वाटला माजाच आवाज. दुर्बिनीत बगून बोलली, नऊ." नाना नवा कागद लावत होते. चारही कोपरे त्यांनी अंगठ्याने नीट दाबले. "मग मी बी लिवला, नऊ."

"तिला बोलला नाहीत?"

"काय बोलू? बोललो तं घरी बसंल. चालीस वर्सं चुलीपुढं बसली, सासूचं केलं, पोरांचं केलं. हितं येऊन बसते आनि सांगते, नाना, हात खाली परतोय तुमचा. दुसरं कोन ऐकतं तिचं?" त्यांनी कागद सरळ आहे का ते पाहिलं. "स्परधेत आकडा दुसरा मानूस सांगतो, तिचा खोटा परल. म्हनून नाय जात."

नानींनी रिक्षात सांगितलेलं तेव्हा माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी ते तसंच गिळलं.

आम्ही परत आलो. "किती झाले?" नानींनी विचारलं.

"शेहेचालीस. मागच्या रविवारपेक्षा दोन जास्ती."

"दोन जास्ती," नानी समाधानाने म्हणाल्या. "हात बसला तुमचा."

नानांनी पुन्हा उभं राहून हात लांब केला. मी नानींच्या शेजारी जमिनीवर बसलो. टच असा आवाज झाला. नानी दुर्बिणीवर वाकल्या. मग त्यांचा हात चाचपडत माझ्या खांद्यावर आला आणि ओठ न हलवता त्यांनी विचारलं, "किती रं?"

मी जिथे बसलो होतो तिथून मला नुसता काळा ठिपका दिसत होता.

"दहा," मी कुजबुजलो.

"दहा," नानी मोठ्याने म्हणाल्या. "मदोमद."

नानांनी मागे वळून पाहिलं नाही. "बरोबर," ते म्हणाले, आणि डायरी उघडली.