एका वेळी एकच काम करणारे हिराजीनाना

माझ्या हातून घडलेली एक चूक मी दोन वर्षे दुसऱ्याच्या माथी राहू दिली. तो माथा कोणाचा, हे आधी सांगणे भाग आहे. कारण असा मनुष्य मी पंचावन्न वर्षांत दुसरा पाहिलेला नाही.

उरणजवळच्या मिठागरावर मी कारकून आणि हिराजीनाना बांधाचे राखणदार. खाडीच्या तोंडाशी लाकडी फळीचे दार आहे. उधाणाला फळी उचलून पाणी साठवणीच्या तळ्यात घ्यायचे आणि तळे भरले की ती पाडायची, हे नानांचे काम.

नाना एका वेळी एकच गोष्ट करतात. चालताना ते बोलत नाहीत. वाटेत कोणी हाक मारली की थांबतात, खांद्यावरचे फावडे उतरवून बांधावर आडवे ठेवतात, हात पुसतात आणि मग म्हणतात, "बोल."

"काय न्हाय नाना, सहज."

पुन्हा फावडे खांद्यावर. मीठ वाहणाऱ्या बायका हा खेळ दिवसातून चारदा करीत आणि नाना चारही वेळा तितक्याच गांभीर्याने थांबत. एकदा एसटीत खिडकीबाहेर पाहत असताना कंडक्टरने तिकीट विचारले, तर म्हणाले, "थांब रं, आधी बघून होऊंदे." जेवताना हाक मारली तर मानही हलवत नाहीत. याचे कारण मी विचारले, तेव्हा ताट धुऊन झाल्यावर उत्तर आले: "सुकटीला पन मान पायजे, भाऊ." आणि कशाचीही घाई केली की ठरलेले पालुपद, "एक झाला का दुसरा."

मला त्यांच्याविषयी कुतूहल वाटे, थोडी कीवही. मी स्वतः दोन फोन, एक वही आणि चहाचा पेला असा संसार एकाच वेळी चालवीत असे. एकदा फोनवरच्या ट्रकवाल्याला "आता निघा, फार वेळ झाला" असे बजावत होतो, तेव्हा समोर बसलेले माझे सासरे पिशवी उचलून निघून गेले. मला ते जेवणाच्या वेळी समजले.

दोन वर्षांपूर्वी होळीच्या उधाणाला नाना फळी पाडून जेवायला बसले होते. पुण्याच्या भाच्याला व्हिडिओ कॉलवर गंमत दाखवावी, म्हणून मी ती उचलली. पाणी खळाळत आत आले. भाचा "भारी, मामा!" म्हणाला. तेवढ्यात दुसरा फोन वाजला. ट्रकचा नंबर सांगत सांगत मी कचेरीत पोहोचलो आणि फळी तशीच वर राहिली. संध्याकाळपर्यंत तळे ओसंडून पाणी मिठाच्या वाफ्यांत शिरले होते. पंधरा दिवस पिकवलेले मीठ विरघळून गेले.

बांधावर सगळे जमले. मीठ वाहणाऱ्या भीमाबाईंनी कपाळावर हात मारला. "एकच काम व्हता नाना, ता पन इसारला?"

नाना फळीकडे पाहत राहिले. "पाडली व्हती," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारले, "पाडली व्हती ना, भाऊ?"

मी मोबाइलवरची नजर न उचलता म्हणालो, "असेल, नाना."

त्या दिवसापासून नाना फळी पाडून निघाले की अर्ध्या वाटेवरून परत येत, तिला हात लावून पाहत. पुढे तीन-तीनदा येऊ लागले. "माजा माज्यावरच भरवसा न्हाय आता," असे एकदा स्वतःशीच बोलले. या हंगामाच्या सुरुवातीला मालकांनी मला कळवले, की फळीचे काम काढून घ्या, म्हातारा विसरतो. ते नानांना सांगायचे काम माझ्याकडे आले.

मी त्यांच्या घरी गेलो. नाना एकटेच राहतात. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षे झाली. ते एक ताट घाशीत होते. ताट झाले, मग वाटी. मग ओटा पुसला, मग फडके पिळून वाळत घातले. मी ताटकळून म्हणालो, "नाना, दोन कामे बरोबर केलीत तर लवकर आटपेल."

फडक्याची घडी सारखी करून झाल्यावर ते वळले. "आटपून करू काय? कामा संपली का घरात बोलायला कोन हाय? दिस पुरवून पुरवून वापरायला लागतो, भाऊ."

मग माझ्यासमोर चटईवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "बोल. आता मी नुसता आयकतो."

इतके पूर्ण ऐकणारे कोणी माझ्यासमोर कधी बसले नव्हते. खिशात फोन थरथरत होता. तो मी थरथरू दिला. मालकांचा निरोप ओठांवर आला आणि मागे फिरला. तो आता मालकांकडेच, खऱ्या हकिकतीसह परत जाणार होता.

"नाना," मी म्हणालो, "त्या दिवशी फळी तुम्ही पाडली होती. नीट पाडली होती. ती मी उचलली आणि विसरलो. तुम्ही मला विचारलेत, तेव्हाही मला ठाऊक होते. माझे चुकले, नाना. मला माफ करा."