काचबेडकाचा जाहीर सत्कार

परदेशातल्या नावन गावच्या मराठी मंडळाने यंदा पर्यावरण हा विषय घेतला, आणि कार्यवाह उल्हासने उत्साहाच्या भरात जाहीर करून टाकलं की प्रमुख पाहुणे म्हणून काचबेडूक येणार. हा प्राणी दूरदेशी, डोंगरातल्या ओढ्याकाठच्या जंगलात राहतो. पोटाची कातडी इतकी आरपार की आतलं हृदय धडधडताना दिसतं. तिकडे जंगल तुटतंय, म्हणून तोही संपत चाललाय. त्याची मोजकी जोडपी ड्रोहेडाजवळच्या एका संगोपन केंद्रात थंड खोलीत होती, आणि ती खोली सांभाळायची उल्हासची बायको शर्वाणी.

"बेडूक मिळणार नाही," शर्वाणी म्हणाली. "अंड्यांवर बाप राखण बसलाय. गाडीचे धक्केसुद्धा सोसायचे नाहीत त्याला."

"अगं, पण निमंत्रणं गेलीत सगळ्यांना!"

"मग तू बस पेटीत."

उल्हास बिचारा काय करणार? त्याने काचेची पेटी आणली, आत एक हिरवं पान ठेवलं आणि वरून हॅलोजन सोडला. हिरव्या पानावर आरपार बेडूक, नाही दिसला तर नवल कसलं?

निधीताई पहिल्या वाकल्या. मागे रांग वाढत होती. "अय्या, कित्ती गोड!" त्या म्हणाल्या. झालं! त्यानंतर बेडूक न दिसलेला माणूस त्या हॉलमध्ये उरलाच नाही. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हर्षवर्धन यांनी चष्मा सारखा करून ठोके मोजले. "जरा टेन्शन दिसतंय, पण तब्येत एकदम ग्रँड." मग ढोल-ताशा झाला, भाषणं झाली, पेटीला शाल-श्रीफळ झालं. उभयचर कल्याण समितीचे ब्रेनन साहेब तर गहिवरले आणि पेटीसोबत फोटो काढून गेले.

सोमवारी शर्वाणीच्या हातात समितीचा हुकूम पडला. सदर बेडूक प्रखर दिवे, ढोल व भाषणे यांत सुस्थितीत आढळल्याने ही प्रजाती काटक समजण्यात यावी, व थंड खोली शुक्रवारपासून बंद करण्यात यावी.

"उल्हास, काय केलंस रे तू हे?" तिला रडू फुटलं. "मरतील ना सगळे!"

उल्हास तडक ब्रेनन साहेबांकडे गेला आणि पेटी रिकामी होती, असं सांगून मोकळा झाला. साहेब दुखावले. "मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय त्याला." डॉक्टरांना साक्षीला बोलावलं, तर त्यांनी ठोक्यांचा आकडाच सांगितला. निधीताई म्हणाल्या, "इश्श, माझ्याकडे बघून हसलासुद्धा तो!" मंडळाने तातडीची सभा घेतली आणि कार्यवाह पर्यावरणविरोधी असल्याचा ठराव एकमताने मंजूर केला.

शुक्रवारी खोली बंद झाली. पानावरचा बाप शेवटपर्यंत अंड्यांवरून हलला नाही, आणि शर्वाणी त्याच्याजवळून.

पेटीचा फोटो मात्र अजून फिरतोय, खाली 'काचबेडूक वाचवा' असं लिहून. तुमच्याही मोबाइलवर आला होता. तुम्ही लगेच बदाम पाठवलात, पुढे दहा जणांना ढकललात. बेडूक दिसला होता ना तुम्हाला?