सॅम्पल फ्लॅटमधला पलंग

"नुसतं बघायला काय जातंय?" असं म्हणून कल्याण एका रविवारी ज्योतीला घेऊन सॅम्पल फ्लॅट बघायला गेला, आणि तिथंच फसला.

गडी नागापूरच्या कारखान्यात फिटर. आधी नवराबायकोनं पुण्यात घर शोधलं होतं. तिथल्या सेल्समननं त्यांचं बजेट ऐकून मोठ्या अदबीनं पार्किंग दाखवलं. (तेही बजेटबाहेर निघालं, तो भाग वेगळा.) इकडे भाड्याची खोली दिवाळीला सोडायची होती. ज्योतीला स्वतःचं दार हवं होतं, मग ते गावाबाहेर का असेना.

सॅम्पल फ्लॅट चकाचक होता, पण तिथं काहीतरी चुकत होतं. टीव्ही पुठ्ठ्याचा, सफरचंदं प्लॅस्टिकची. भिंतीवरच्या फोटोत कुणाचं तरी हसरं कुटुंब, आणि ते सगळे कल्याणकडेच टक लावून बघत होते. तो पलंगावर आडवा झाला, तर गुडघ्यापासून पाय बाहेर!

"आवो, तुमी वाढलाय का काय?" ज्योतीनं घाबरून विचारलं.

तेवढ्यात पडद्यामागं कुणीतरी खोकलं. पडदा हलला आणि एक म्हातारा बाहेर आला. उंचीनं कल्याणच्या छातीएवढा.

"पाय भायेर येत्यात व्हय?" तो मायेनं म्हणाला. "माजंबी यायचं."

हे आसारामकाका. त्यांनीही इथंच फ्लॅट बुक केला होता. बिल्डिंग होईपर्यंत त्यांचा मुक्काम या सॅम्पलमध्ये. बोलता बोलता ते पलंगावर पहुडले, तर डोक्यापासून टाचेपर्यंत बेतून शिवल्यासारखे बसले.

"कवापास्नं राहताय, काका?" कल्याणनं विचारलं.

"ह्ये काय, आत्ताच की. फुडल्या दिवाळीला ताबा हाय."

हा म्हातारा माणूस नसून भूतच असणार, अशी कल्याणची खात्री पटली. तो ज्योतीचा हात धरून पळत सुटला, तर दारात सेल्सच्या पूजा मॅडम.

"सर, हा रेट फक्त आजच्यापुरता आहे हं."

भुतापेक्षा रेट वाढायची भीती मोठी. कल्याणनं मुकाट्यानं टोकन दिलं.

दिवाळी आली. बिल्डिंगचे नुसते खांब उभे होते. खोली सुटली आणि संसार टेम्पोत. पूजा मॅडम गोड हसल्या, "तोवर सॅम्पल फ्लॅटमध्येच राहा ना, सर."

आत आसारामकाका नव्हते. त्यांचा चष्मा तेवढा उशीवर होता.

"काकांना ताबा मिळाला का वो?" ज्योतीनं विचारलं.

मॅडमनी चादर उचलली, खिडकीबाहेर झटकली आणि पुन्हा नीट अंथरली.

कल्याण रोज पाय पोटाशी घेऊन झोपायचा. ताबा पुढच्या दिवाळीवर गेला, मग त्याच्या पुढच्यावर. आणि एका सकाळी त्याला जाग आली, तर पाय अख्खेच्या अख्खे पलंगावर! त्याला आनंदानं रडूच आलं.

"ज्योते! अगं, आपलं घर वाढाय लागलं! लई जागा झाली बघ!"

ज्योती गॅस पेटवायला स्टुलावर चढली होती. तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं.

"आदी पँट वर घ्या," ती म्हणाली. "पायात अडकून पडाल."