तिसऱ्या यंत्राचा आवाज

“डोळ्यांनी यंत्र निवडतात ते आंधळे! मी कानांनी निवडतो, कानांनी!” साव दादांनी टेबलावर अशी थाप मारली की बर्फाच्या कॉफीचा ग्लास कलंडता कलंडता वाचला.

त्यांचं खरं नाव थुआन. पण कान थो शहरातल्या त्या गल्लीत जन्मक्रमाच्या आकड्यावरूनच हाक मारतात, आणि साव म्हणजे सहा, म्हणून ते साव दादा आणि त्यांची बायको न्यान ही साव वहिनी. दादा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना रस्त्याला कान लावून जमिनीखालची गळती सांगायचे, त्यामुळे कानांचा गर्व अगदीच पोकळ नव्हता. पण निवृत्तीनंतर तो गर्व घरातल्या जुन्या स्टिरिओत शिरला आणि तिथून बाहेर यायलाच तयार होईना!

आता त्या स्टिरिओतल्या सीडी प्लेअरने मान टाकली होती. दादांनी त्याला पुसलं, चुचकारलं, पालथा करून पाठीवर थापटलं. छे! तबकडी आत घ्यायचा आणि जेवण नावडलेल्या पोरासारखी परत बाहेर ढकलायचा.

“दुसरा आणू या,” दादा म्हणाले.

“आणा की,” वहिनी शिलाईच्या ढिगाऱ्यातून म्हणाली. “पलंगाखाली आधीचे ‘दुसरे’ आहेतच. त्यांना नवा भाऊ आणा.”

“ते चुकून आले गं.”

“मग नीट ऐका. हा शेवटचा. या वेळी चुकलात, तर सगळा पसारा जाईल भंगारात आणि त्या कोपऱ्यात माझं शिलाईचं यंत्र येईल. उजेड तिथेच चांगला पडतो. मी अंधारात सुईत दोरा ओवायचा आणि तुमच्या त्या दोन कपाटांनी खिडकीत बसून हवा खायची!”

ती कपाटं म्हणजे दादांचे स्पीकर. त्यांचा जीव त्यांच्यात अडकलेला. रात्रभर त्यांना झोप लागली नाही. यंत्र चुकलं तर सगळंच गेलं!

रविवारी लाम तीन प्लेअर रिक्षातून घेऊन आला. लामचा धंदा जपानहून येणाऱ्या जुन्या मालाचा. तीनपैकी एक ठेवायचा आणि दोन तो परत नेणार, असं ठरलं. साक्षीदार म्हणून क्वोय आले. क्वोय दातांचे डॉक्टर, दादांचे जुने मित्र, आणि दादा जे म्हणतील त्याला मान डोलावण्यात पटाईत.

दादांनी वहिनीचा चौकटीचा गमछा डोळ्यांवर घट्ट बांधला. क्वोयच्या डोळ्यांवर दुसरा.

“लाम, तू फक्त वायरी बदलायच्या. तोंडातून एक शब्द नाही! तुझ्या आवाजावरून मला किंमत कळते.”

“पण दादा...”

“हा बघ! बोललास!”

लामने ओठ मिटून वायरी उचलल्या.

तबकडी एकच होती. एका गायिकेचं व्हाँग को. त्या मुलखाचं विरहगीत हे. सुरुवातीची ओळ लांबत लांबत जाते, ऐकणाऱ्याचाच दम कोंडतो, आणि मग गाणारी अलगद खाली उतरून सूर टेकवते. तिथे टाळी पडलीच पाहिजे. कान थोत जन्मलेल्या माणसाचे हात तिथे आपोआप उठतात, मग तो झोपेत असो की दवाखान्यात.

पहिलं यंत्र वाजलं. “पत्रा!” दादा म्हणाले. “पत्रा,” क्वोय म्हणाले.

दुसरं वाजलं. “बाई गाते चांगलं, पण घशात टॉवेल कोंबलाय!” दादा म्हणाले. “ओला टॉवेल,” क्वोयनी भर घातली.

तिसरं यंत्र अस्सल जपानी. आता जपानी माल शंभर व्होल्टवर चालतो आणि आपल्या भिंतीतून येतात दोनशे वीस. म्हणून स्टिरिओवाल्या प्रत्येक घरात एक जाडजूड ट्रान्सफॉर्मर असतो, एका अंगाला शंभरची भोकं आणि दुसऱ्या अंगाला दोनशे वीसची. पहिली दोन यंत्रं दोनशे वीसची होती. लामने आयुष्यभर लोकांना हेच बजावलं होतं, ‘बघून लावा, बघून लावा!’ आणि त्याच लामने, तोंड बंद ठेवण्याच्या नादात, तिसऱ्याची पिन त्याच दोनशे वीसच्या भोकात खुपसली!

ओळ सुरू झाली, जरा वर चढली, आणि आत ‘फट्’ झालं. बारीक धुराची रेघ निघाली. सगळं चिडीचूप! लामचा चेहरा त्या यंत्रापेक्षा जास्त जळलेला.

तेवढ्यात आवाज आला.

ओळ जिथे तुटली होती, तिथूनच पुढे. कसलाही ताण नाही, घाई नाही. शब्दाशब्दांतला श्वास ऐकू येत होता. दादा खुर्चीत ताठ झाले. त्यांच्या हातांवर काटा उभा राहिला. ही बाई स्पीकरात नव्हतीच! ती खोलीपलीकडे कुठेतरी उभी होती, सगुण साकार!

“वाद्यं कुठे गेली हो?” क्वोय हळूच म्हणाले.

“चूप! वाद्यं मागे सरली. याला म्हणतात यंत्र! आणि तो गरमपणा... जाणवतोय का गरमपणा?”

“जाणवतोय. किंचित जळकासुद्धा.”

“लसणीची फोडणी आहे ती! नाकाने काय ऐकता?”

आवाज वर गेला, तिथे थरथरत थांबला, आता तुटतो की काय असं वाटलं, आणि मग नदीला ओहोटी लागावी तसा हळूहळू खाली उतरला आणि टेकला. टाळ्या! दादांची टाळी, क्वोयची टाळी, आणि जळलेल्या यंत्राशेजारी उभ्या लामचीही टाळी. दादांच्या डोळ्यांतलं पाणी गमछ्यात मुरत होतं. इतकी वर्षं त्यांनी काय ऐकलं होतं? कचरा! हा आवाज एकदा कानावर पडल्यावर माणसाने दुसरं काही मागूच नये, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

ते उठून उभे राहिले. “क्वोय, तुम्ही साक्षीदार! हा जो आवाज आत्ता ऐकला, तो या घरातून जन्मात हलणार नाही. त्याच्यापुढे बाकी सगळी डबडी! भंगार!”

“अहो!” तोच आवाज म्हणाला. “फिश सॉस संपलाय! कोपऱ्यावरून बाटली घेऊन या!”

“वा! काय स्पष्ट उच्चार!” दादा म्हणाले.

मग मात्र त्यांनी गमछा खाली ओढला.

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती, हातात पळी. “टाळ्या कोणी वाजवल्या? तुमचं यंत्र मधेच बंद पडलं. ओळ अर्धवट टांगलेली मला नाही सहन होत, म्हणून पुरी केली. आता माशाला चव यायची तर सॉस हवा.”

दादा एकदा यंत्राकडे बघत, एकदा बायकोकडे. “तू... तू गातेस?”

“लग्नाआधी देवळाच्या उत्सवात गायचे. बघायला आला होतात तेव्हा ऐकलंही होतंत. नंतर तुम्ही स्टिरिओ आणलात.”

लामला कंठ फुटला. “दादा, माझीच चूक. यंत्र जळलं. ते मी नेतो.”

“सगळंच ने,” वहिनी शांतपणे म्हणाली. “बाकी सगळं भंगार, असं आत्ताच ठरलं ना? काय हो डॉक्टर?”

क्वोयनी दादांकडे पाहिलं, पळीकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कोणाच्या तरी बोलण्याला मान डोलावली.

संध्याकाळपर्यंत खिडकीतल्या उजेडात शिलाईचं यंत्र येऊन बसलं. दादांना फक्त तो आवाज पुन्हा ऐकायचा होता.

पण झालं काय, की ‘गा’ म्हटलं की वहिनी गायची नाही. कोणी ऐकायला बसलंय असं दिसलं, की तिचा घसा बसायचा. फोडणी टाकताना, आपल्याच तंद्रीत, तेव्हाच काय ती गायची. म्हणून दादांनी स्वयंपाकघरात ठाण मांडलं. बसायचं तर काहीतरी करत बसायला हवं, म्हणून लसूण सोलू लागले.

एकदा लामचा फोन आला. “दादा, असला प्लेअर आलाय, कान सोन्याचे होतील! आणू का?”

“हळू बोल!” दादा कुजबुजले. “ती आत्ता गुणगुणायला लागली होती!”

गुणगुण थांबली. दादांनी फोन खिशात टाकला, पातेल्यातल्या लसणीच्या डोंगराकडे पाहिलं, आणि धीर करून विचारलं, “अगं, आता बास का? गल्लीभर वाटला तरी उरेल.”

“सोला हो तुम्ही,” वहिनी पाठ न वळवता म्हणाली. “सूर लागला की सांगेन.”