पिंजऱ्याची राखण

मला फसवणं सोपं नाही! जन्मभर ग्रंथपाल होतो. पुस्तक परत करणाऱ्याच्या चेहऱ्यावरून मी आतलं फाटलेलं पान ओळखायचो. (विचारायचं धाडस व्हायचं नाही, ही गोष्ट वेगळी.)

मुलीने डोंगरातल्या शर्यतीसाठी जुनी जीप घेतली. जीप उलटली तर आतल्या माणसाचा चेंदामेंदा होऊ नये, म्हणून आत जाड नळ्यांचा पिंजरा बसवतात. मी लगेच त्यावरचं पुस्तक मिळवलं. त्यात लिहिलं होतं, नळी पातळ आहे की जाड, हे वरून कळत नाही. झालं! माझी झोप उडाली.

त्यात एकदा मुलगी वेल्डरशी कुजबुजताना कानावर आलं, "बाबांना आत्ताच सांगू नका हं!"

"ब्र काढणार नाही, ताई!"

पातळ नळ्या! दुसरं काय असणार?

दुपारी वेल्डर जेवायला गेल्यावर मी भिंग घेऊन गॅरेजात शिरलो. नळ्यांची कापलेली टोकं बघायला जीपच्या मागच्या भागात चढलो. शेवटचं टोक बघतो न बघतो, तेवढ्यात शीळ ऐकू आली. वेल्डर परतला! विचारलं तर काय सांगणार? मी तिथल्या ताडपत्रीखाली शिरलो.

प्रामाणिक माणूस काम करताना शीळ घालतो का? मी विचारच करत होतो, तोच त्याने ठिणग्यांपासून बचाव म्हणून ताडपत्रीवर बादलीभर पाणी ओतलं! मी भिजलेल्या मांजरासारखं अंग चोरून घेतलं. मग ठाकठोक, चरचर, शीळ. आता हाक मारू, मग मारू, असं म्हणता म्हणता सगळं शांत झालं.

डोकं बाहेर काढलं. पुढे आडव्यातिडव्या नळ्या. मागे आडव्यातिडव्या नळ्या. मध्ये मी!

"आई गं! कोण आहे?" वेल्डर ओरडला.

"मी... इथूनच चाललो होतो."

त्याने मुलीला बोलावलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, आत काय करताय?"

"नळी बघतोय."

"मग? कशी आहे?"

"जाड आहे," मी कबूल केलं.

तिने आईला फोन लावला. पलीकडून हिचा आवाज मलाही ऐकू आला, "राहू देत तिथेच. जेवायला तेवढं सोड!"

मागची एक नळी कापावी लागली. कापता कापता करवतीची दोन पाती झिजली. प्रत्येक पात्यागणिक वेल्डर माझ्याकडे बघत होता, आणि मी भिंगाकडे.

"पण मला काय सांगायचं नव्हतं?" बाहेर येताच मी विचारलं.

"पुढची दुसरी सीट तुमची आहे, बाबा! शेजारी नकाशा वाचणारा लागतो, आणि तुमच्याइतकं नीट वाचतं कोण? आधी सांगितलं असतं, तर तुम्ही भीतीने आजारी पडला असता."

मी भिंग पुसलं आणि नकाशा मागितला. नाही म्हणायचं सुचलंच नाही.

कापलेल्या नळीच्या जागी नवी बसवली. तेव्हा मात्र मला गॅरेजबाहेर खुर्ची दिली होती. म्हणजे साऱ्या पिंजऱ्यात मी न तपासलेली नळी एकच, आणि ती नेमकी माझ्या डोक्यामागे!

वेल्डर म्हणतो, "काका, बिनधास्त बसा!"

म्हणतो, आणि शीळ घालतो.