पंपाशी झालेली चर्चा

गावातली गरिबी कमी करायची तर गरिबांनी एकत्र आलं पाहिजे, आणि एकत्र आलेल्यांपुढे कुणीतरी खुर्चीवर बसलं पाहिजे. हे तत्त्व आमच्या गावाला १९६३ सालीच उमगलं. जळगाव जामोदच्या बाजारातली सर्वांत मजबूत खुर्ची आणून आम्ही सहकारी सोसायटी काढली. वामनराव अध्यक्ष झाले. (बाकीचे सतरंजीवर. मी पंचकमिटीत, म्हणून सतरंजीच्या पुढच्या टोकाला.)

दुसऱ्या वर्षी सोसायटीला कपाशीवर औषध फवारायचा पितळी पंप मिळाला. तो लहान शेतकऱ्यांसाठी आहे, असं सरकारी कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. म्हणूनच त्याला जपणं भाग होतं. नारळ फोडून, हळदकुंकू लावून तो वामनरावांच्या ओसरीवर ठेवला. मग नियम झाला, की पंप फक्त अनुभवी माणसालाच द्यावा. अनुभव घ्यायचा तर पंप हवा, आणि पंप ओसरीवर. त्यामुळे चौऱ्याण्णव सभासदांत अनुभवी एकटे वामनराव निघाले, आणि आपल्या साठ एकरांत तो अनुभव ते सारखा वाढवत राहिले. असा कष्टाळू अध्यक्ष सोनाळ्यापर्यंत शोधून सापडणार नाही.

सोसायटीचा कामाचा वेगही वाखाणण्यासारखा. चिटणीस उत्तमराव ठराव वाचत, "कोणाचं काही म्हणनं?" असं विचारत आणि मान वर न करता 'सर्वानुमते मंजूर' लिहीत. गप्प बसला त्याचा होकार धरायचा, अशी वहिवाट होती. एकदा तर चहा निवायच्या आत सतरा ठराव झाले.

भाद्रपदात झुंबरबाईच्या तीन एकर कपाशीला अळी लागली. ती विधवा, सभासद क्रमांक एकसष्ट. तिचं आणि दोन मुलींचं वर्ष त्याच तीन एकरांवर निघायचं. तिने पंपासाठी अर्ज केला. ओसरीवर बैठक बसली आणि ठराव आला : 'अर्जदाराचा नंबर दिवाळीनंतर लावावा.'

"कोणाचं काही म्हणनं?"

अडचण अशी, की वामनराव तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ. आमच्याकडे सून भासऱ्याशी बोलत नाही. फारच नड असली तर भिंतीला सांगते, म्हशीला सांगते, आणि ज्याने ऐकायचं तो ऐकतो. दाराशी उभ्या झुंबरबाईने पदर पुढे ओढला आणि ती कोपऱ्यातल्या पंपाकडे वळली.

"पंपा बापू, माह्या पऱ्हाटीले अळी खाऊन राह्यली. चार दिसात एक बोंड राह्यनार नाही. दिवाळीनंतर येऊन काय काड्यायवर औषध मारशीन? एक रोज चाल बापा. पोरी पानी आनतीन, मी दांडा हानीन."

वामनरावांच्या अडकित्त्यातली सुपारी तशीच राहिली. मला बोलावंसं वाटलं, लाजही वाटली. पण सतरंजीचं पुढचं टोक सहजासहजी मिळत नाही.

"हे लिवाचं काय?" उत्तमरावांनी विचारलं.

"काऊन? आपल्यासंग बोलली काय ते?" वामनराव म्हणाले. "पंपासंग बोलली. पंप सभासद हाये काय बे?"

मुद्दा बिनतोड होता. इतिवृत्तात नोंद झाली : 'अर्जदार समक्ष हजर. हरकत नाही. सर्वानुमते मंजूर.'

झुंबरबाईने चार दिवस धरले होते. अळीने तीनच घेतले. पुढल्या साली तिचं शेत वामनरावांनी मक्त्याने घेतलं. ती आता त्यांच्याच शेतात रोजाने जाते, आणि पंप तिच्या पाठीवर असतो. (अनुभव दांडगा झाला आहे.) स्वतः शेत कसत नाही म्हणून तिचं सभासदत्व तेवढं गेलं. वार्षिक अहवालात दोन ओळी आल्या : 'पंपाचा लाभ मिळालेल्या महिला : एक. गरीब सभासद : गतवर्षीपेक्षा एकने कमी.' तालुक्याहून आलेल्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तोच अहवाल आज तुमच्यापुढे ठेवला आहे. तुम्ही तो शेवटपर्यंत वाचलात, मध्ये एकदोनदा हसलातही. बोलला मात्र काही नाहीत. उत्तमरावांनी तसं लिहून घेतलं आहे.