दाढीतली चांदणी

रविवारी दुपारी चार वाजता आजोबांची दाढी चांदणीत अडकली. तेव्हा आजोबा झोपेत होते, आणि सहा वाजता त्यांना इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डात सांताक्लॉज व्हायचं होतं.

कापसाच्या दाढीला वॉर्डातली मुलं दाद देत नाहीत. म्हणून तिथे नर्स असलेल्या लेकीच्या शब्दाखातर आजोबा उन्हाळ्यापासूनच दाढी वाढवत. यंदा तर दाढीवाचून कुणाचं तरी अडलंच होतं. खिडकीजवळच्या खाटेवरच्या छोट्या मुलीचा मोडलेला पाय केव्हाच जुळला होता, पण प्लास्टर कापायची करवत दिसली की ती सगळा मजला डोक्यावर घेई. प्लास्टर निघालं तर नाताळ घरी, नाहीतर खाटेवर. खरा सांता समोर असेल तरच कापू देईन, ही तिची अट. खरा की खोटा हे ती दाढी ओढून ठरवणार होती.

इकडे घरी आजोबांच्या दोन्ही नातींना घेऊन नाताळच्या झाडावर टांगायच्या वस्तू करण्याचं काम जावईबापूंकडे होतं. जावईबापूंचा धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा. शाळेतल्या बाईंनी पीठ आणि मीठ मळून भाजायला सांगितलंय, असं थोरली म्हणाली तेव्हा ते नुसते हसले. रोज साचे ओतणाऱ्या माणसाने पीठ मळत बसायचं म्हणजे सोनाराने मातीचे दागिने घडवण्यासारखं होतं.

"आपलं प्लास्टर पाण्यात कालवायचं," ते म्हणाले, "दहा मिनिटांत दगड."

आणि खरोखरच दुपारभर सगळं झकास चाललं. घंटा झाल्या, मासे झाले, जुन्या साच्यातून तीन देवदूतही निघाले, फक्त ते तिघेही दात विचकत होते. टेबलावर तीळ ठेवायला जागा उरली नाही, म्हणून शेवटच्या मोठ्या चांदणीचा नुकताच भरलेला साचा आजोबांच्या मांडीवर आला. आजोबांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि सवयीप्रमाणे डुलकी काढली. मान खाली आली, मानेबरोबर दाढीही.

मुली ओरडणार तोच जावईबापूंनी ओठांवर बोट ठेवलं. झोपू दे बिचाऱ्यांना, दहा मिनिटं आहेत, मी दोरा घेऊन येतो, असं सांगून ते आत गेले.

घाईचं काम असलं की प्लास्टर लवकर धरावं म्हणून जावईबापू त्यात चिमूटभर मीठ टाकत. आजही त्यांनी टाकलं होतं. बाबांची ही युक्ती ठाऊक असल्यामुळे थोरलीनेही टाकलं होतं. आणि ताईने टाकलं म्हणून धाकटीने. ते दोरा घेऊन परत आले तेव्हा चांदणी वाजवली तर खणखणीत वाजत होती, आणि घट्ट होताना प्लास्टर तापतं तशी तापलीही होती.

"जावईबापू," आजोबा डोळे न उघडता म्हणाले, "हनुवटीला शेक कोण देतंय?"

मग जे जे सुचलं ते झालं. कोमट पाणी झालं, व्हिनेगर झालं. तेल लावलं, त्याने चांदणीला तेवढी चकाकी आली. कात्री घालावी तर चांदणीचं एक टोक थेट हनुवटीला भिडलेलं. शेवटी जावईबापूंनी कवळ्या घासायचं यंत्र सुरू केलं. तो आवाज ऐकताच आजोबा चांदणीसकट न्हाणीघरात गेले आणि त्यांनी आतून कडी घातली.

तिथून त्यांना बाहेर काढलं ते लेकीने. ती वडिलांना न्यायला आली, तिने चांदणी पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, मी रोज काय कापते?"

एवढंच. दिवसभर प्लास्टरं कापणारी बाई आपल्याच घरात आहे, हे जावईबापूंच्या डोक्यात आलं नव्हतं. आजोबांना लाल अंगरखा चढवला, आणि हनुवटीला लोंबती चांदणी दोन्ही तळव्यांवर तोलत ते वॉर्डात शिरले.

दाढी ओढायचं छोटीच्या लक्षातच राहिलं नाही. ती चांदणीकडे बघत राहिली.

"यांनापण प्लास्टर?"

आजोबांना तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. करवत सुरू झाली आणि आजोबांनी खुर्चीचे हात असे पकडले की बोटं पांढरी पडली. तेव्हा छोटीने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"आजोबा, ती फिरत नाही, नुसती थरथरते. मला नर्सताईंनी सांगितलंय. डोळे मिटा."

त्यांनी मिटले. चांदणीचे दोन तुकडे झाले, आणि दोन्ही तुकड्यांत दाढी इतकी रुतली होती की कात्रीने सोडवल्यावर हनुवटीवर दाढी म्हणण्यासारखं काही उरलं नाही. छोटीने ती हनुवटी नीट तपासली, कुठे खरचटलंही नव्हतं. मग तिने स्वतःचा पाय पुढे केला.

दाराशी उभ्या जावईबापूंना कुणाकुणाचे आभार मानावेत कळेना. बायकोने एका प्रश्नावर भागवलं होतं. सासरे तर जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. कृतज्ञतेच्या भरात त्यांनी पुढच्या वर्षीच्या वस्तूही आपणच करून देऊ असा शब्द दिला. तो कुणी मागितला नव्हता.

छोटी सोमवारी घरी गेली. चांदणीचे तुकडे केसांसकट वॉर्डातल्या झाडावर आहेत. दाढी पुढच्या नाताळपर्यंत येईल की नाही, आजोबांनी अजून सांगितलेलं नाही. मिशी शाबूत आहे. मात्र मिठाची बरणी जागेवर नाही, आणि धाकटीही बराच वेळ दिसलेली नाही.